आयर्न ऑक्साइडने फॉस्फेट काढताय? मग या चुका टाळा

डिस्टिल्ड वॉटरमध्ये फॉस्फेट धरणारं आयर्न ऑक्साइडचं मटेरियल भारी चालतं आणि तलावाच्या पाण्यात टाकलं की ढेपाळतं, हे रडगाणं एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांकडून सारखं ऐकू येतं, मीही एकेकाळी तेच गात होतो. बहुतेक वेळा मटेरियल बिचारं ठीक असतं, आपण टेस्टच चुकीच्या पाण्यात केलेली असते.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये फॉस्फेटला कुणी स्पर्धकच नसतो. तलावात सिलिकेट, बायकार्बोनेट, कुजलेल्या पाल्याचं ह्युमिक अ‍ॅसिड, सगळे ऑक्साइडवरच्या त्याच जागेवर टपून बसलेले. क्लोराइड फारसं नडत नाही, कारण फॉस्फेट लोखंडावरचा हायड्रॉक्सिल हटवून थेट चिकटतं आणि क्लोराइड बाहेरच घुटमळतं. त्यात आपण ५० मिलीग्रॅम प्रति लिटर फॉस्फेटवर कपॅसिटी, म्हणजे मटेरियल किती फॉस्फेट धरतं ते, काढतो, आणि तलावात सहसा १ सुद्धा नसतं! म्हणून टेस्ट कमी कॉन्सन्ट्रेशनला, त्याच तलावाच्या गाळलेल्या पाण्यात घ्या.

पीएच तर बघाच. हायड्रॉक्सिल सुटतो तसा पीएच वर सरकतो, आणि ९ च्या आसपास गेला की ऑक्साइडचा पृष्ठभागही निगेटिव्ह, फॉस्फेटही निगेटिव्ह, मग कोण कुणाला धरणार? शेवाळ माजलेल्या तलावात भर दुपारी पीएच ९ च्या वर जाऊ शकतो, तेव्हा सॅम्पल कधी घेतलं ते लिहून ठेवा. आणि मटेरियल न घालता एक ब्लँक ठेवाच, कारण वाढलेल्या पीएचला कॅल्शियमच फॉस्फेट घेऊन खाली बसतं आणि आपण उगाच ऑक्साइडची पाठ थोपटतो.

आता माझा गाढवपणा. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरच्या ब्लँकमध्येच फॉस्फेट दिसत होतं, तीन दिवस फॉस्फेट मोजायच्या रीएजंटला शिव्या घातल्या, शेवटी कळलं की फ्लास्क आम्ही साध्या डिटर्जंटने धूत होतो आणि त्यातच फॉस्फेट होतं. तेव्हापासून काचेचं सगळं सामान पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने. सॅम्पल ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा, नाहीतर बारीक कण अ‍ॅसिडी रीएजंटमध्ये विरघळून चिकटलेलं फॉस्फेट परत सोडतात. रिझल्ट फॉस्फेट म्हणून आहे की फॉस्फरस म्हणून तेही तपासा, दोन्हींत ३.०७ पटीचा फरक पडतो.

फेरिक हायड्रॉक्साइड, म्हणजे आपलं ताजं बनवलेलं ओलं मटेरियल, वाळवायला मफल फर्नेसमध्ये ५०० अंशांवर ठेवलंत तर लालबुंद हेमॅटाइट होतं, दिसतं झकास, पण सरफेस एरिया कोसळतो. साध्या ओव्हनमध्ये ६० अंशांना, थोडा धीर धरून वाळवा.

आणि पावडर थेट तलावात ओतू नका हो. तळाच्या गाळात ऑक्सिजन संपला की फेरिकचं फेरस होतं, लोखंड विरघळतं आणि धरलेलं फॉस्फेट पुन्हा पाण्यात येतं. कॉलममध्ये, म्हणजे पाणी आरपार जाईल अशा नळीत, भरा, मटेरियल फॉस्फेटने भरून गेलं की सोडियम हायड्रॉक्साइडने धुवा, आणि मग भरपूर पाण्याने, नाहीतर पुढच्या पहिल्या बादलीचा पीएच ११ बघून घाबरगुंडी उडेल.