परदेशात अर्थशास्त्र शिकायचे असेल तर तयारी गणिताच्या वहीपासून

ठाणे, वाशी, नेरूळ किंवा खारघरच्या महाविद्यालयांतून अर्थशास्त्र घेऊन बी. ए. किंवा बी. कॉम. करणारी मुले-मुली परदेशी शिक्षणाविषयी विचारायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा कोणते विद्यापीठ चांगले हा असतो आणि दुसरा खर्च किती येईल हा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु गेली बारा वर्षे ठाण्यात पदवीच्या वर्गांना हा विषय शिकवताना आणि दरवर्षी काही अर्ज अगदी जवळून पाहताना माझे असे ठाम मत झाले आहे की, प्रवेशाचा निकाल त्या दोन्ही प्रश्नांच्या आधी लागलेला असतो. गणित किती झाले आहे आणि ते झाल्याची नोंद गुणपत्रिकेवर आहे का, यावर तो ठरतो. अर्ज भरण्याच्या वर्षी हे लक्षात आले तर फार उशीर झालेला असतो. म्हणून दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्यांनी हा लेख आजच कामाला घ्यावा.

आपल्याकडे कला शाखा निवडणारे अनेक विद्यार्थी दहावीनंतर गणित सोडून देतात आणि पदवीपर्यंत अर्थशास्त्र आकृत्या आणि व्याख्या यांच्या आधारे शिकतात. या शिक्षणाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु परदेशातील चांगल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र आणि अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचे शास्त्र) हे तिन्ही पायाभूत विषय पहिल्या आठवड्यापासून गणिताच्या भाषेत शिकवले जातात. मागणीचा वक्र काढून दाखवणे तिथे पुरत नाही. उपभोक्त्याच्या उत्पन्नाची मर्यादा समीकरणात मांडून, त्या मर्यादेत त्याचे समाधान महत्तम कधी होते हे सोडवून, त्यातून मागणीचे फलन काढावे लागते. त्यासाठी एकापेक्षा अधिक चलांचे कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, संभाव्यता आणि संख्याशास्त्र एवढे किमान हवे. पीएच. डी.साठी अर्ज करायचा असेल तर त्यात रिअल ॲनॅलिसिसची, म्हणजे कॅल्क्युलसमागची विधाने काटेकोरपणे सिद्ध करणाऱ्या गणिताच्या शाखेची, भर घालावी लागते.

रिअल ॲनॅलिसिसचे नाव काढले की विद्यार्थी विचारतात, याचा बाजाराशी संबंध काय? एक उदाहरण घेऊ. एखादी क्रमिका, म्हणजे ओळीने मांडलेल्या संख्यांची रांग, सतत वाढत असेल आणि ती एका ठरावीक संख्येच्या पुढे कधीच जात नसेल, तर ती कुठल्यातरी एका संख्येजवळ जाऊन स्थिरावतेच. आकृती काढली तर हे उघड वाटते आणि बहुतेक विद्यार्थी तिथेच थांबतात. सिद्धता लिहायची म्हणजे त्या क्रमिकेच्या वरच्या सर्व बंधांतला सर्वांत लहान बंध घ्यायचा, त्याच्या खालची पण कितीही जवळची मर्यादा कोणी सांगितली तरी क्रमिकेतले एक पद ती ओलांडते हे दाखवायचे, आणि क्रमिका वाढतीच असल्याने त्यानंतरचे प्रत्येक पद त्या मर्यादेच्या पुढेच राहते असे म्हणून युक्तिवाद पूर्ण करायचा. या पाच-सहा ओळी स्वतःच्या हाताने, पुस्तक मिटून लिहिता आल्या की ‘उघड आहे’ आणि ‘सिद्ध केले आहे’ यांतला फरक कळतो. १९५४ मध्ये केनेथ ॲरो आणि जेरार्ड डेब्र्यू यांनी स्पर्धात्मक बाजारव्यवस्थेत समतोल अस्तित्वात असतो हे दाखवले, ते आकृतीने नव्हे, तर स्थिरबिंदूच्या प्रमेयावर आधारलेल्या सिद्धतेने. प्रवेश समितीला अर्जदाराकडे ही शिस्त आहे का, एवढेच त्या एका विषयाच्या श्रेणीवरून पाहायचे असते.

आता हे गणित मिळवायचे कुठून? महाविद्यालयात गणिताचा विभाग असेल आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार दुय्यम विषय म्हणून गणित किंवा संख्याशास्त्र घेता येत असेल, तर तो मार्ग सर्वांत चांगला, कारण मग श्रेणी विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर येते. ते शक्य नसेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत आणि शुल्क भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा दिली की प्रमाणपत्र मिळते. नुसती व्याख्याने पाहून भागत नाही, परीक्षा द्यावी. ज्यांचे गणित फारच कच्चे राहिले आहे त्यांनी आधी भारतातच एम. ए. किंवा एम. एस्सी. करावे, असे मी आग्रहाने सांगतो. रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, कालिना येथील मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग, पुण्याची गोखले संस्था, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, भारतीय सांख्यिकी संस्था हे सगळे पर्याय आपल्या आवाक्यातले आहेत. ही दोन वर्षे वाया जातात असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात याच दोन वर्षांत गणित पक्के होते, संशोधन करणारे प्राध्यापक ओळखीचे होतात आणि अर्जाला वजन येते.

देश निवडताना

सर्वांत मोठा गैरसमज अमेरिकेविषयी आहे. तिथे पीएच. डी.साठी आधी वेगळी पदव्युत्तर पदवी घ्यावीच लागते असे नाही; अनेक विद्यापीठे पदवीनंतर थेट पीएच. डी.ला घेतात, पहिली दोन वर्षे वर्गातच शिकवतात, पहिल्या वर्षाअखेरीस पायाभूत विषयांची कठोर परीक्षा घेतात आणि साधारण पाच-सहा वर्षांत पदवी देतात. चांगल्या विभागात शिक्षण शुल्क माफ असते आणि अध्यापन किंवा संशोधन साहाय्याच्या बदल्यात दरमहा विद्यावेतन मिळते. याउलट अमेरिकेतील एम. ए. किंवा एम. एस.चा खर्च बहुतांशी स्वतःलाच उचलावा लागतो. त्यामुळे ज्या घरात पैसा बेताचा आणि मुलीचे गणित उत्तम, तिथे पीएच. डी.चा मार्ग महाग वाटला तरी प्रत्यक्षात स्वस्त पडतो. तीन वर्षांची भारतीय पदवी सगळीकडे चालतेच असे नाही, म्हणून प्रत्येक विभागाची अट संकेतस्थळावर शब्दशः वाचावी.

ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवी बहुधा एका वर्षाची असते आणि तीन वर्षांची पदवी तिथे सहसा अडथळा ठरत नाही. वर्ष एकच, पण शुल्क जबर, आणि वेग इतका की गणिताची उजळणी तिथे जाऊन करू म्हणणाऱ्याला श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही. कॅनडात एका वर्षाचे एम. ए. काही विभागांत अर्थसाहाय्यासह मिळते. नेदरलँड्समधील टिनबर्गन संस्थेचा संशोधनाकडे नेणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, फ्रान्समधील तुलूझ, स्पेनमधील बार्सिलोना आणि माद्रिद येथील अर्थशास्त्राच्या संस्था इंग्रजीतून शिकवतात. आपल्याकडे त्यांची नावे फारशी घेतली जात नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो.

जर्मनीचा विचार जरूर करावा. बॉन विद्यापीठात शिक्षण शुल्क नाही, फक्त सत्राचे किरकोळ अंशदान भरावे लागते. मानहाइमही अर्थशास्त्रासाठी नावाजलेले आहे. मात्र ते ज्या राज्यात येते तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस या जर्मन मूल्यांकन केंद्राचे प्रमाणपत्र लागते, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासून घ्यावी लागतात. शिवाय वर्षभराच्या खर्चाची रक्कम एका प्रतिबंधित खात्यात आधीच ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे आणि त्यातून दरमहा ९९२ युरो काढता येतात. शुल्क नाही म्हणजे पैसे लागत नाहीत असे समजून निघालेल्या कुटुंबाची इथे धावपळ होते.

अर्जातले निवेदन

हा विषय पुढे का शिकायचा हे सांगणाऱ्या निवेदनाचा मसुदा घेऊन येणाऱ्या दहांपैकी आठ जणांचे पहिले वाक्य ‘लहानपणापासून मला अर्थशास्त्राची आवड आहे’ अशा अर्थाचे असते. ते खोडावे. त्याऐवजी आपण कोणत्या प्रश्नावर हात चालवून पाहिला, हे सांगावे, आणि तसा प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातला रोजचा भाव आणि आवक, तसेच लासलगावचा भाव आणि आवक, ॲगमार्कनेट या केंद्र सरकारच्या बाजारभावांच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य मिळते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्ये बंदी उठवली. लासलगावात भाव पडला तेव्हा तो वाशीत किती दिवसांनी आणि किती प्रमाणात उतरला, आणि लासलगावात चढला तेव्हा वाशीत तितक्याच सावकाश चढला का? हा प्रश्न खराखुरा आहे, त्याला अर्थमितीतली काळश्रेणीची (काळानुसार नोंदवलेल्या आकड्यांची) साधने लागतात आणि ‘आर’ ही विनामूल्य संगणकप्रणाली वापरून पदवीचा विद्यार्थी तो दोन महिन्यांत हाताळू शकतो. काम करताना सुट्टीच्या दिवसांचे भाव गायब असल्याचे दिसेल, कधी एखाद्या दिवशी चुकीचा शून्य जास्त पडलेला आढळेल, आणि दोन्ही बाजारांवर एकाच अवकाळी पावसाचा परिणाम होत असल्याने केवळ दोन आलेख बरोबर हलले म्हणून एकामुळे दुसरा हलला असे म्हणता येत नाही, हेही उमगेल. निवेदनात नेमके हेच लिहावे: प्रश्न काय होता, कुठे अडलो, काय सापडले, आणि पुढे काय शिकल्याशिवाय हे काम नीट होणार नाही. असे निवेदन वाचणाऱ्या प्राध्यापकाला अर्जदार समोर बसल्यासारखा वाटतो.

श्रम आणि रोजगाराकडे ओढा असलेल्यांसाठी २०१७-१८ पासूनच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाकडून मिळते. ती उतरवून घेऊन एक तरी तक्ता स्वतः तयार करावा.

शिफारसपत्रे

अर्थशास्त्राच्या अर्जात तीन पत्रांची अपेक्षा असते आणि ती अर्जदाराचे काम पाहिलेल्या प्राध्यापकांचीच असावीत. नगरसेवक, बँकेतले काका किंवा क्लासचे संचालक कितीही आपुलकीने लिहोत, त्याचा उपयोग होत नाही. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे उत्तर मिळाले तर नम्रपणे नकार द्यावा आणि सरांना किंवा मॅडमना एका पानावर आपली माहिती द्यावी: कोणत्या सत्रात कोणता पेपर त्यांच्याकडे होता, कोणता प्रकल्प केला, त्यात त्यांनी कोणती चूक दाखवली आणि ती कशी सुधारली. पत्र त्यांच्या शब्दांत येऊ द्यावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये केलेले संशोधन १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आले, तेव्हा त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले अनेक बाबतींतले मतभेद उघडपणे नोंदवूनही मांडणीतल्या ताजेपणाची कदर केली. गोडगोड विशेषणांच्या पत्रापेक्षा असे पत्र शतपटीने मोलाचे असते. मात्र असे लिहिण्याइतके कोणी आपल्याला ओळखावे, यासाठी दोन वर्षे वर्गानंतर थांबून प्रश्न विचारावे लागतात.

परीक्षा, कागद आणि पैसा

जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा आता दोन तासांच्या आत संपते आणि तिचे गुण पाच वर्षे चालतात. अर्थशास्त्रात गणिती भागालाच महत्त्व असून नामांकित विभागांसाठी १७० पैकी १६५ च्या वर लक्ष्य ठेवावे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोनच वर्षे चालतात, म्हणून ती परीक्षा घाईने आधी देऊन ठेवू नये. टक्केवारी किंवा सीजीपीए स्वतःच्या हिशेबाने अमेरिकी मोजपट्टीवर बदलू नये. विद्यापीठाने दिली तशीच लिहावी.

एक बारीक गोष्ट, जिच्यावर आपल्याकडे हमखास गाडी अडते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव आणि वेगळ्या रकान्यात आईचे नाव असते. पारपत्रावर मात्र दिलेले नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात. अर्ज, परीक्षेची नोंदणी, विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट (सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) या सगळ्यांवर पारपत्राप्रमाणेच नाव असावे, आणि एखाद्या कागदावर स्पेलिंग वेगळे असेल तर दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्यावे.

पैशासाठी १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंट पाहावी. ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, परत करावी लागते, हे घरी स्पष्ट सांगावे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे; तिला उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणी समितीकडून जात वैधता प्रमाणपत्र ही कामे प्रवेशाची वाट न पाहता सुरू करावीत. युरोपसाठी इरास्मस मुंडस आणि जर्मनीची डाड (डीएएडी), ब्रिटनसाठी कॉमनवेल्थ आणि चेवनिंग या शिष्यवृत्त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. अमेरिकी विद्यापीठाच्या एका अर्जाला साधारण ७५ ते १२५ डॉलर लागतात, त्यामुळे पंधरा ठिकाणी अर्ज टाकण्याआधी शुल्कमाफी मिळते का, हे प्रत्येक विभागाला लिहून विचारावे.

अमेरिकेतील पीएच. डी.चे अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या मध्यापर्यंत जातात, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि अर्थसाहाय्यासह आलेल्या प्रस्तावाला उत्तर द्यायला साधारण १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. तेव्हा पहिलाच होकार आला म्हणून दुसऱ्या दिवशी स्वीकारण्याची गरज नसते. ब्रिटनचे अर्ज शरद ऋतूतच खुले होतात आणि काही विद्यापीठांत जागा भरत जातील तसे ते बंद होतात, म्हणून दिवाळीपूर्वी ते पाठवलेले बरे. प्रवेश निश्चित झाल्यावर एप्रिल ते जुलै हा काळ खरेदीत आणि निरोप समारंभात घालवू नये. अनेक विभाग सत्र सुरू होण्यापूर्वी दोन-तीन आठवडे गणिताचा उजळणी वर्ग घेतात. रिअल ॲनॅलिसिसची सोडवलेली वही सामानात वरच्या बाजूला ठेवावी; त्या वर्गाच्या पहिल्याच सकाळी ती लागते.