दहावी-पीयूसीच्या (कर्नाटकातील अकरावी-बारावीच्या) मुलांची झोप वेळेवर कशी आणावी

वयात आलेल्या मुलाची झोपेची वेळ अलीकडे आणायची असेल, तर रात्री लवकर झोपवण्यापासून सुरुवात करू नये. सुरुवात सकाळच्या उजेडापासून करावी. हे उलटे वाटेल, कारण दहावीचे वर्ष लागले की आपल्या घरांत पहिला नियम होतो तो ‘नऊला दिवे बंद, पाचला उठायचे’ हाच. मूल नऊला अंथरुणावर पडते खरे, पण अकरापर्यंत कूस बदलत राहते आणि पाचला उठवले की पहिल्या तासालाच पेंगते. त्याला आळशी ठरवण्याआधी शरीरात काय चालते ते समजून घ्यावे.

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. झोप, जाग आणि शरीराचे तापमान यांची लय तोच राखतो. बहुतेक माणसांत त्याची फेरी २४ तासांपेक्षा किंचित मोठी असते, आणि डोळ्यांत शिरणारा उजेड तिला रोज ताळ्यावर आणतो. वयात येताना ही लय उशिराकडे सरकते, हे झोपेच्या अभ्यासक मेरी कार्स्केडन यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनातून पुढे आले: रात्र झाल्याची खूण देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक मोठ्या मुलांत लहानांपेक्षा उशिरा स्रवू लागते, शिवाय दिवसभरात झोपेची ओढही त्यांच्यात सावकाश साठते. शरीराच्या घड्याळाचे अभ्यासक टिल रोएनेबेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले, की हे सरकणे विशीच्या आसपास शिगेला पोचते आणि मग माघारी वळते. मुलींमध्ये ते वळण थोडे आधी येते. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास तर मेंदू सर्वांत जागा असतो, त्यामुळे साडेअकराला झोपणाऱ्या मुलाला नऊला झोप येणे जवळजवळ अशक्यच.

आपल्या बेळगाव भागात यात आणखी एक भर पडते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि बेळगाव आहे साडेचौऱ्याहत्तर अंशांवर. म्हणजे आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३२ मिनिटे मागे असतो. जानेवारीत बेळगाव, खानापूर, निपाणीकडे सूर्य उगवायलाच सात वाजून जातात. सूर्यास्त एका तासाने उशिरा झाला की भारतातील मुलांची झोप साधारण अर्ध्या तासाने घटते, असे देशभरच्या आकडेवारीवरील एका अभ्यासात आढळले आहे. सकाळची शाळा आणि शिकवणी मात्र घड्याळ पाहून भरते.

पहिले काम वहीचे. दोन आठवडे रोज झोप लागल्याची आणि जाग आल्याची वेळ मुलानेच लिहावी. पालकांनी लिहिली तर तिची हजेरीवही होते. मग झोपेचा मध्यबिंदू काढावा. समजा, शाळेच्या दिवशी झोप साडेअकरा ते साडेपाच आहे, तर मध्यबिंदू अडीच वाजता येतो. रविवारी ती एक ते नऊ असेल, तर तो पहाटे पाचला येतो. फरक अडीच तासांचा. रविवारचा आकडा आठवड्याची तूट भरून काढताना थोडा पुढे गेलेला असतो, तरीही शरीराचे खरे घड्याळ त्याच्याच जवळ असते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि वरच्या उदाहरणात शाळेच्या दिवशी ती सहाच तास भरते, हेही वहीवरूनच कळते.

आता उजेड. जाग आल्यानंतर पहिल्या तासात वीस-तीस मिनिटे मुलाने गच्चीवर, अंगणात किंवा परड्यात बसावे. पुस्तक हातात असले तरी चालेल. पावसाळ्यात खानापूरकडे आठवडा-आठवडा ऊन पडत नाही, पण ढगाळ आकाशाचा उजेडही घरातल्या दिव्याच्या अनेक पटींनी असतो, म्हणून पडवीत बसले तरी काम होते. वेळेचे भान मात्र ठेवावे. घड्याळ उशिराकडे गेलेल्या मुलाची पहाटे चार ही शरीराच्या हिशेबाने मध्यरात्रच असते, आणि त्या वेळी ट्यूबलाइटखाली बसवले तर लय अलीकडे येण्याऐवजी आणखी उशिराकडे ढकलली जाऊ शकते. ‘पहाटेचा अभ्यास पक्का बसतो’ हे ज्यांची झोप पुरी झाली आहे त्यांच्यापुरते खरे मानावे.

म्हणून उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनीच अलीकडे घ्यावी आणि झोपण्याची वेळ आपोआप मागून येऊ द्यावी. यासाठी आपली लांबलचक दसऱ्याची सुट्टी उत्तम. शाळा चालू असताना रोजच्या सक्तीच्या उठण्यामुळे हे जमवणे कठीण जाते. रविवारी नेहमीपेक्षा तासाभराहून जास्त झोपू देऊ नये, नाहीतर आठवड्याची कमाई एका सकाळीत जाते. झोप फारच तुटली असेल, तर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटे डुलकी घ्यावी.

रात्रीचे नियम थोडकेच आहेत. झोपेआधीचा तासभर छतावरचा पांढरा दिवा बंद करून पिवळसर, खालचा दिवा लावावा आणि मोबाइल खोलीबाहेर चार्जिंगला ठेवावा, मोठ्यांचासुद्धा. चहातील कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा अभ्यासासाठी रात्री नऊचा कप देणे हा घरच्यांचाच उपद्व्याप आहे.

शिकवणीची वेळ एकट्या पालकाला बदलता येत नाही, पण दहा-बारा पालकांनी मिळून विचारले तर सकाळी सहाची बॅच संध्याकाळी होऊ शकते. विचारताना आधाराला अमेरिकेतील सिएटल शहराचे उदाहरण घ्यावे: तिथे २०१६ मध्ये माध्यमिक शाळा ७.५० ऐवजी ८.४५ ला भरू लागल्या आणि मुलांची झोप रोज सुमारे ३४ मिनिटांनी वाढली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये सकाळी नऊच्या आधी शाळा न भरवण्याची मर्यादा घातली ती चौथीपर्यंतच्या वर्गांना. संशोधनाचा रोख मात्र मोठ्या मुलांकडे अधिक आहे.

परीक्षेचा पेपर सकाळी दहाच्या पुढेमागे असतो, तेव्हा तीन आठवडे आधीपासून सहा-साडेसहाला उठण्याची सवय पुरते. आदल्या रात्री जागून पहाटेची झोप कापली तर स्वप्नांची झोप, जी रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, तीच हातची जाते. मेलाटोनिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. मूल जोरात घोरत असेल, पुरेशी झोप होऊनही दिवसा झोपी जात असेल, किंवा झोप बिघडल्याबरोबर उदास, एकलकोंडे झाले असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. दोन आठवड्यांच्या नोंदींवरून त्यांना बरेच काही लगेच उमगते.