बोलीभाषेचं काम सुरू करताय? आधी टॅगची यादी ठरवा

मालवण-देवगडकडे बोलीचं रेकॉर्डिंग करायला जी नवीन मुलं येतात त्यांना मी हेच सांगते, की माइक कुठला घ्यायचा ते नंतर बघू, आधी टॅग, म्हणजे रेकॉर्डिंगला लावायची लेबलं, ठरवा. ह्यालाच कंट्रोल्ड व्होकॅब्युलरी म्हणतात, म्हणजे एवढंच, लेबल मनाला येईल तसं टाईप करायचं नाही, ठरलेल्या यादीतूनच निवडायचं.

आमच्याकडे रापणीबद्दल, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याबद्दल, एका आजोबांचं रेकॉर्डिंग आहे. जाळं कसं सोडतात, दोन्हीकडून दोर कसे ओढतात हे सांगता सांगता मधेच वादळाची गोष्ट सुरू होते, मग परत जाळं. ह्याला एकाने 'मुलाखत' लिहिलं, दुसरीने 'माहिती', तिसऱ्याने 'मासेमारी'. चूक कोणाचंच नाही, पण नंतर सगळ्या गोष्टी शोधायला बसलं की ही वादळाची गोष्ट सापडतच नाही, आणि इतकी सुंदर गोष्ट हरवते ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. ओलॅक (भाषांच्या संग्रहांचं जाळं) ह्यांची तयार यादी आहे, त्यात कथन, कृतिवर्णन, गायन असे प्रकार वेगळे आहेत, ती घ्या आणि टॅग अख्ख्या फाईलला न लावता त्या त्या तुकड्याला लावा. मासेमारी हा विषय झाला, त्याचा रकाना वेगळा.

एलान ह्या रेकॉर्डिंगवर नोंदी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये यादी बनवून टियर टाइपला (टियर म्हणजे नोंदींची एक ओळ, टाइप म्हणजे तिचा प्रकार) जोडली की ड्रॉपडाउन येतो. प्रत्येक नोंदीसोबत वर्णनाची जागा असते, ती रिकामी सोडू नका प्लीज. 'तेना माका सांगल्यान' (त्याने मला सांगितलं) हे मालवणी वाक्य घ्या. 'तेना'ला लायपझिग नियमांतला (शब्दांच्या भागांना व्याकरणाची लेबलं लावायचे नियम) ईआरजी, म्हणजे 'ने' लागलेल्या कर्त्याचा टॅग, चालतो, पण 'सांगल्यान'मधला शेवटचा न क्रियापदावर आहे, तो कर्ता तृतीय पुरुषी एकवचनी असल्याचं दाखवतो, त्याला वेगळा टॅग हवा. हे उदाहरणासकट वर्णनात लिहिलं तरच पुढचा माणूस तसंच करेल.

भाषेच्या कोडचं पण बघा. आयएसओ ६३९-३ ह्या भाषांच्या तीन अक्षरी कोडच्या यादीमध्ये मराठी एमएआर, सगळी कोकणी मिळून केओके आणि त्याखाली जीओएम (गोव्याची कोकणी), केएनएन (कोकणी). मालवणीला स्वतःचा कोड नाही, म्हणून बोली आणि गाव वेगळ्या रकान्यात, आणि बोलणारा स्वतः आपल्या भाषेला काय म्हणतो ते अजून एका रकान्यात, त्याच्याच शब्दांत.

ट्रान्स्क्रिप्शनच्या टियरला मात्र यादी लावायचीच नाही, तिथे जे ऐकू येईल ते. आणि यादीत 'इतर' ठेवाच, 'इतर'मध्ये एकसारख्या नोंदी साचायला लागल्या की सगळ्यांनी बसून नवीन टॅग काढायचा, तारीख टाकायची आणि जुन्या फाईलीही बदलायच्या.