ग्राहकाचे सुरक्षा सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर: या चुका टाळा

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरात घरी बसून पुण्या-बंगळुरूच्या ग्राहकांची कामे करणाऱ्यांकडे बहुधा एकच लॅपटॉप असतो आणि त्यावरच पीक विम्याची कागदपत्रे, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज आणि बँकेचे व्यवहारही चालतात. अशा लॅपटॉपवर ग्राहकाचे सुरक्षा सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकावर नजर ठेवण्यासाठी ग्राहक कंपनी बसवायला लावते तो प्रोग्राम, बसवताना होणारी सर्वांत महाग चूक म्हणजे, विंडोजमध्ये दुसरे यूजर खाते उघडले की खासगी माहिती वेगळी राहिली असे समजणे. मीही पहिल्या कामाच्या वेळी हेच करून निश्चिंत झालो होतो. प्रत्यक्षात हे सॉफ्टवेअर सिस्टिमच्या अधिकाराने चालते, त्यामुळे लॉगिन कोणीही केले तरी फायली आणि चालू असलेले प्रोग्राम त्याला दिसू शकतात.

त्यावर उपाय व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे लॅपटॉपच्या आतच सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या, वेगळ्या संगणकाचा. तो उभा करणारे व्हर्च्युअलबॉक्स मोफत मिळते. ग्राहकाचे सॉफ्टवेअर त्याच्या आत बसवावे आणि सामायिक फोल्डर व क्लिपबोर्ड बंद ठेवावेत. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, म्हणजे दोन्ही प्रणाली एकत्र चालवायच्या तर ८ जीबीचा लॅपटॉपही रडतखडतच चालेल. मात्र याच्या उलट करू नये: सॉफ्टवेअर मुख्य प्रणालीत आणि खासगी काम व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवले, तर आतले सगळे बाहेरून उघडेच राहते. काही ग्राहक व्हर्च्युअल मशीन चालवू देत नाहीत; तेव्हा जुना लॅपटॉप घेऊन तो केवळ त्याच कामाला ठेवणे, खर्च धरूनही, मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ग्राहकाच्या ईमेलने ऑफिस किंवा टीम्समध्ये लॉगिन करताना ‘संस्थेला हे उपकरण व्यवस्थापित करू द्या’ अशा अर्थाचा पर्याय येतो. तो घाईत तसाच मान्य केला, तर संगणकाची नोंदणी ग्राहकाकडे होऊन दुरून डेटा पुसण्याचा अधिकारही त्याच्याकडे जाऊ शकतो. हे झाले असल्यास सेटिंग्जमधील खात्यांच्या भागात ती जोडणी दिसते. ग्राहकाचे रूट सर्टिफिकेट (कोणती संकेतस्थळे खरी मानायची हे संगणकाला सांगणारे डिजिटल प्रमाणपत्र) बसले असेल, तर ब्राउझरमधले कुलपाचे चिन्ह पाहून बँकेचे संकेतस्थळ उघडू नये, कारण त्या सर्टिफिकेटच्या आधारे मधला प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या आणि संकेतस्थळाच्या मधे बसलेला ग्राहकाचा संगणक, कूटबद्ध मजकूरही वाचू शकतो.

काम संपल्यावर सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल होत नसेल, तर बहुधा ते काढण्याचा पासवर्ड ग्राहकाकडे असतो. तो मिळण्याची आणि उपकरणाची नोंदणी रद्द होण्याची अट करारातच लिहून घ्यावी. शेवटचे बिल चुकते झाल्यावर ईमेलला उत्तर देण्याची घाई कोणालाच नसते.