पंख बंद करायच्या आधी

नोब्लर या कंट्रोल-लाइन विमानाचा (हातातल्या हँडलला तारांनी बांधून गोल फिरवत उडवायचं मॉडेल) प्लॅन हातात आला की लगेच ब्लेड घेऊन बाल्सा (हलकं लाकूड) कापायला बसू नका. आधी प्लॅनवरच पंख मोजा, ५० इंच भरतो का, कारण झेरॉक्समध्ये कागद ताणला जातो. जॉर्ज आल्ड्रिचच्या या डिझाइनमध्ये आतला, म्हणजे पायलटकडचा पंख मुद्दाम थोडा लांब आहे, ती चूक नाहीये, "दुरुस्त" करू नका. लाकूड वजन करून निवडायचं, दोन्ही बाजूंचे स्पार (पंखातल्या लांब लाकडी पट्ट्या) सारख्याच कडकपणाचे हवेत नाहीतर पंख पिळतो, आणि जड लाकूड शेपटीकडे चुकूनही नको.

आता जे काही बदल करायचेत ते पंख उघडा असतानाच करायचे, एकदा शीटिंग (पंखावरचं पातळ लाकडी आवरण) चढलं की आत हात जात नाही. बेलक्रँक (तारांची ओढ शेपटीकडे पोचवणारी पंखातली तरफ) मी तरी ४ इंची घालतो, कंट्रोल गुळगुळीत होतो, पण त्यासाठी आत जागा करावी लागते ते आधी प्लॅनवर पेन्सिलने काढून बघा. बाहेरच्या टोकाला वजनाची डबी (साधारण २५-३० ग्रॅमपासून सुरुवात) आणि आतल्या टोकाला लीडआउट (बेलक्रँकपासून पंखाबाहेर येणाऱ्या तारा) पुढेमागे सरकवायची खाच, या दोन गोष्टी जुन्या प्लॅनवर नसतील तरी घालाच, ट्रिमिंगला (विमान नीट उडावं म्हणूनची जुळवाजुळव) अर्धं काम यांचंच. मग शीटिंगआधीची परीक्षा: एलेव्हेटर (शेपटीचा वरखाली हलणारा भाग) स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे, अडकला तर बिजागऱ्या नाहीतर पुशरॉड (बेलक्रँकपासूनची जोडदांडी) कुठेतरी घासतोय, आणि एलेव्हेटर वर जाताना फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) खाली यायला हवा.

डोप (विमानाच्या आवरणावरचं लॅकर) दमट दिवशी लावू नका, पांढरा पडतो, बाकी रंगाची हौस तुमची तुम्ही बघा.

फॉक्स ३५ इंजिन बसवणार असाल तर फ्युएलमध्ये कॅस्टर (एरंडेल तेल) भरपूर हवं, प्रॉपेलर १०×६. लाईन्स (हँडलपासून विमानापर्यंतच्या तारा) ६० फूट, ०.०१५ इंच जाडीच्या. ५ सेकंदाला एक फेरी धरली तर साध्या उड्डाणातही ओढ विमानाच्या वजनाच्या तिप्पट होते, म्हणून पुल टेस्ट (उडवण्याआधी तारा ओढून बघायची परीक्षा) १० पट, सव्वा किलोच्या विमानाला साडेबारा किलो, आणि लूप केलेल्या तारा, बेलक्रँकचा बोल्ट सगळं तेव्हाच कळतं. मैदानाजवळ विजेच्या तारा असतील तर उडवूच नका, हँडलचा पट्टा मनगटात अडकवा, आणि इंजिन सुरू करायच्या आधी हँडल वर केल्यावर एलेव्हेटर वरच जातो ना ते बघा, लाईन्स उलट्या जोडून पहिल्याच टेकऑफला नाक जमिनीत घातलेलं आहे मी.