काकीच्या हाती किंडल देण्याआधी

ई-रीडर (पडद्यावर पुस्तकं वाचायचं यंत्र) घ्यायचा तर आधी वाचणाऱ्याचा हात बघा, यंत्र नंतर. आमची डिचोलीची काकी रोज वाचणारी, पण हाताला कंप आहे आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. जाड पुस्तक आता तिला पेलवत नाही. म्हणून अ‍ॅमेझॉनचा साधा ई-रीडर, किंडल, निवडला. 2022 च्या मॉडेलचं वजन 158 ग्रॅम आहे. मोठ्या स्क्रीनवर मजकूर जास्त मावतो खरा, पण मनगट दुखायला लागलं की असा मोठा ई-रीडर बाजूलाच पडतो.

घरचे लोक उत्साहात अक्षर एकदम सगळ्यात मोठं करून ठेवतात. मग एका ओळीत तीनच शब्द, वाक्य संपेपर्यंत पान उलटलेलं. त्यापेक्षा एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. 'द्ध' आणि 'द्व'मध्ये अडखळलं की अक्षर एक पायरी वाढवा, सरळ वाचलं की थांबा. ओळींमधलं अंतर मात्र पहिल्यापासून जास्तच ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांत घुसतात. मजकूर डावीकडून लावलेला बरा. दोन्ही कडा जुळवायला गेलं की मोठ्या अक्षरात शब्दांमध्ये खिंडारं पडतात. पांढरं पान डोळ्यांना खुपत असेल तर काळ्या पानावर पांढरी अक्षरं करून बघा.

कापणारं बोट दोनदा टेकतं आणि दोन पानं उलटतात. यंत्र हातात न देता टेबलावर स्टँडला टेकवा, करंगळी चौकटीवर टेकू दे, म्हणजे बोट स्थिर राहतं. म्हातारपणी बोटं कोरडी पडतात, मग स्क्रीन दादच देत नाही. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची काकीची जुनी सवय इथे चक्क कामाला आली! (आम्ही ओला रुमाल ठेवलाय, तरी ती जिभेलाच बोट लावते.)

विकत घेण्याआधी तिच्या आवडीची पुस्तकं मिळतात का ते बघा. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर 2016 पासून आहेत, पण सगळी नाहीत. कुणी पोथीची स्कॅन केलेली पीडीएफ पाठवली तर तिचा उपयोग नाही: ते चित्र असतं, त्यात अक्षर वाढत नाही, नुसतं पान सरकवत बसायचं. ईपब मागा, म्हणजे अक्षर लहानमोठं करता येणारी फाइल.

दिसतच नसेल तर ई-रीडरवर पैसे घालू नका, अँड्रॉइड फोन पुरे. त्यात टॉकबॅक (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय) आहे आणि गूगलचा मराठी आवाजही. शिवाय 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय 2016 पासून चालू आहे. ते फक्त अंधांसाठी नाही. अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचता येत नसेल, त्यांनाही नाव नोंदवता येतं.

यंत्र उघडायला पिन नंबर (कुलूप) लावू नका. पुस्तकं उतरवून झाली की वायफाय बंद करा. पावसात करंट गेला तरी स्क्रीनला स्वतःचा उजेड आहे आणि बॅटरी आठवडे पुरते, त्यामुळे चार्जिंगची वायर काकीच्या हाती द्यायची गरजच नाही. कोणी आठवड्याला घरी जातं, त्यानेच लावून यावं.