काबूलच्या ऑर्थोपेडिक केंद्रात रुजू होणाऱ्या मराठी फिजिओथेरपिस्टांसाठी

आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने हे केंद्र १९८८ मध्ये सुरू केलं, ते युद्धात जखमी झालेल्यांसाठी. १९९० मध्ये इटलीचे फिजिओथेरपिस्ट अल्बर्टो कैरो आले. पुढे पोलिओ, मणक्याची दुखापत, जन्मजात व्यंग अशा सगळ्यांना दार उघडलं आणि कर्मचारीही रुग्णांमधूनच घेतले जाऊ लागले. हाच या संस्थेचा कणा आहे. तुम्ही पदवी घेऊन येता. शेजारी साचा घासणारा माणूस मात्र स्वतः कृत्रिम पायावर उभा असतो. आधी त्याचं ऐका. भेटल्यावर दरी भाषेत ‘मांदा नबाशी’ (थकू नकोस) म्हणा, उत्तर ‘ज़िंदा बाशी’ (जिवंत रहा) असं येईल.

कामाची पद्धत पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची आहे. स्टंपची, म्हणजे पाय कापल्यावर उरलेल्या भागाची, सूज उतरल्याशिवाय माप घेऊ नका. घाईत घेतलेल्या मापाचा सॉकेट (स्टंप ज्यात बसतो ती खोबण) थोड्याच दिवसांत सैल होतो. प्लास्टरच्या साच्यावर गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधाशी थोडं कोरायचं, फिब्युला या पोटरीच्या बाहेरच्या हाडाचं वरचं टोक आणि नडगीचा शेवट इथे भर घालायची. मग शीट सुमारे १८० अंशांच्या ओव्हनमध्ये पारदर्शक होईपर्यंत तापवून साच्यावर ओढायची, शीटच्या कडांचा जोड मागच्या बाजूला. जास्त वेळ ठेवली तर ती लोंबून पातळ होते. साचा ओला राहिला तर हवा ओढून केलेला निर्वात नीट बसत नाही आणि आत सुरकुत्या येतात. पूर्ण थंड होण्याआधी कापू नका, आकार बिघडतो. पहिल्या चालण्यानंतर सॉकेट काढून कातडी बघा: लाली दहा मिनिटांत गेली नाही, तर तिथे दाब जास्त आहे.

रुग्ण कुठल्याकुठल्या खोऱ्यांतून, बर्फातून येतात. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे वाक्य इथे चालत नाही. त्याच मुक्कामात पाय बसवून, चालायला शिकवून पाठवायचं. वाढत्या मुलांना मात्र सहा महिन्यांनी बोलवा. स्त्रियांचा विभाग वेगळा आहे, तिथे स्त्री थेरपिस्टच काम करतात. फाटकावरच्या झडतीला कधीच कंटाळू नका: २०१७ मध्ये मझार-ए-शरीफच्या केंद्रात एका स्पॅनिश सहकारी फिजिओथेरपिस्टचा एका रुग्णानेच गोळी झाडून जीव घेतला.

आणि पाय बसला की फाइल मिटवू नका. छोटं कर्ज, कामाचं शिक्षण, मुलांचा अभ्यास हेही केंद्रच बघतं. रुग्ण गावी परतण्याआधी त्याला त्या विभागात स्वतः घेऊन जा, नुसती चिठ्ठी देऊ नका.